स्वयंपाकघर शिकवायला 'पात्र' कोण? जाईबाई चौधरींपासून नेट-सेटपर्यंत



मागच्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी आली. गृहविज्ञानात एम.एस्सी., विषय आहार आणि पोषण, गुण पासष्ट टक्क्यांच्या वर. घरी मामांनी तिची टर उडवली होती, "पोया शेकाले शिकवाले कायले पाहिजे एम.एस्सी.?" ती हसत हसत सांगत होती, पण डोळ्यांत पाणी होते. मग म्हणाली, "ताई, कॉलेजात शिकवाले नेमकं काय काय लागते, ते एका कागदावर लिहून द्या ना."

मी लिहून दिले. पण घरी जाताना तिच्या आईचा विचार डोक्यातून जात नव्हता. तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला चार घरी काम करते. भांडी घासते, लादी पुसते. स्वयंपाकाचे काम जास्त पैशाचे असते, ते तिने दोनदा मागून पाहिले. दोन्ही वेळा "आमच्याकडे आहे बाई" एवढेच उत्तर मिळाले. तिने घासलेल्या भांड्यांत त्या घरचे अन्न शिजते, पण ते अन्न शिजवायला तिचा हात चालत नाही. अशा आईची मुलगी आता स्वयंपाकघराचे शास्त्र शिकवायला निघाली आहे.

'पात्रता' हा शब्द आपण रोज वापरतो. पात्र म्हणजे लायक, आणि पात्र म्हणजे भांडे. ज्या समाजाच्या भांड्याला कोणी शिवत नव्हते आणि ज्याला सार्वजनिक पाणवठ्यात आपले भांडे बुडवू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या लेकीने 'पात्रता' मागितली की काय काय घडते, हा या लेखाचा विषय आहे. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, गृहविज्ञानाची नाही. पण एखाद्या विषयाचा शिक्षक व्हायला कोण लायक हे कोणी ठरवले, हा प्रश्न समाजशास्त्राचाच आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या नागपुरात घडला आहे.

कागदावरची पात्रता

आधी त्या मुलीला जे लिहून दिले ते सांगते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

अकरावी-बारावीला गृहव्यवस्थापन, बालविकास, वस्त्रशास्त्र असे विषय शिकवायचे असतील तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी आणि सोबत बी.एड. लागते. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टीईटी लागते, पण तिथे गृहविज्ञान हा वेगळा विषय म्हणून शिकवला जात नाही.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर युजीसीचे २०१८ चे नियम लागू होतात. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. सोबत नेट किंवा सेट उत्तीर्ण असावे लागते, किंवा नियमानुसार केलेली पीएच.डी. लागते. १ जुलै २०२३ पासून थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. नेटमध्ये गृहविज्ञानाचा विषय क्रमांक १२ आहे. पहिला पेपर सर्वांना सारखा, १०० गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, २०० गुणांचा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सहायक प्राध्यापक पदाच्या नेटला कमाल वयाची अट नाही, हे लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

एवढे लिहून झाले आणि कागद अर्धाही भरला नव्हता. लिहिलेली पात्रता एवढीच. न लिहिलेली पात्रता कुठल्याच जाहिरातीत छापलेली नसते.

जोतिरावांनी १८८२ सालीच विचारलेला प्रश्न

शिक्षकाची पात्रता म्हणजे फक्त परीक्षा आणि प्रमाणपत्र नव्हे, हे या देशात सर्वप्रथम सरकारला ठणकावून सांगितले ते महात्मा जोतिराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत अशी मागणी केली. कारण ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. ब्राह्मण शिक्षक धार्मिक समजुतींमुळे विद्यार्थ्यांपासून फटकून वागतो, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता.

शेतीबद्दल जोतिराव जे बोलले तेच घराबद्दल लागू करून पाहा. गृहविज्ञान हा हाताने करायचा विषय. अन्न, कपडा, मूल, घर, पैसा. यातले प्रत्येक काम या देशात सर्वात जास्त ज्यांनी केले त्या कष्टकरी बायका. पण विषय म्हणून ते शाळा-कॉलेजात आले तेव्हा शिकवणारी बाई कुठून आली?

विषय जन्मला कुठे आणि कोणाच्या घरात

हा विषय 'विज्ञान' म्हणून उभा राहिला अमेरिकेत. एमआयटीमध्ये प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री एलन स्वॅलो रिचर्ड्स यांच्या पुढाकाराने १८९९ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड इथे परिषदा भरल्या. त्यातून १९०९ साली अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन स्थापन झाली. पुढे १९९४ साली याच संघटनेने 'कुटुंब आणि ग्राहक विज्ञान' असे नवे नाव घेतले. घरकामालाही शास्त्र असते, बाईच्या श्रमाला मोल असते, हा रिचर्ड्सबाईंचा विचार मोठाच होता. पण परिषद भरत होती मेल्विल ड्यूईंच्या क्लबात. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्याची दशांश पद्धत ज्यांची, तेच हे ड्यूई. त्यांच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. १९०५ साली यावरून तक्रार झाली आणि त्यांना राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. म्हणजे घराचे शास्त्र ज्या घरात जन्मले त्याच्या दारावरच 'अमुक लोकांना मज्जाव' होता.

आपल्याकडे हा विषय आणखी वेगळ्या वाटेने आला. मुलींना शिकवायचेच असेल तर घरकामापुरते शिकवा, हा आग्रह पुण्याच्या सनातनी मंडळींनी धरला. मुलींची हायस्कूल शाळा निघाली तेव्हा लोकमान्य म्हणवणाऱ्यांच्या पत्रांतून तिथल्या अभ्यासक्रमावर टीका झाली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून. मातृभाषेतून शिक्षण हा त्यांचा आग्रह आजही मोलाचा आहे, आणि त्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना मानाचे स्थान होते. पण कर्व्यांच्या डोळ्यांसमोरची स्त्री कोण होती? ती मुख्यतः उच्चवर्णीय घरातली गृहिणी किंवा विधवा. मोट्या वाहणारी, गिरणीत जाणारी, शेण गोळा करणारी बाई त्या 'गृहिणी'त बसत नव्हती.

मग १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद स्थापन झाली. शिक्षण सुधारणा हाच तिचा पहिला विषय. या परिषदेने निधी उभारून १९३२ साली दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज काढले. गृहविज्ञान शिकवणे आणि गृहविज्ञानाच्या शिक्षिका तयार करणे हे त्याचे काम. म्हणजे या देशात 'गृहविज्ञानाची पात्र शिक्षिका' घडवण्याचा सर्वात महत्त्वाचा प्रयत्न या परिषदेने केला. त्याच १९३२ साली नागपुरात मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले, आज आपण त्याला एलएडी म्हणून ओळखतो आणि गृहविज्ञान म्हटले की विदर्भाला तेच आठवते. आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करारावर बाबासाहेबांना सही करावी लागली. एकाच वर्षातल्या या तीन घटना आपण शेजारी ठेवून क्वचितच वाचतो.

जाईबाई चौधरी : पात्र होत्या, पण...

आता नागपूरच्या रस्त्यावर या. जाईबाई चौधरी, जन्म १८९२, उमरेड. महार कुटुंब. कुटुंब पोटासाठी नागपुरात आले. जाईबाई कामठी-नागपूर दरम्यान डोक्यावर ओझी वाहायच्या. ओझी वाहणाऱ्या या मुलीला ग्रेगरी नावाच्या मिशनरी नन भेटल्या, त्यांनी तिला लिहाय-वाचायला शिकवले आणि मिशनच्या शाळेत महिना ४ रुपयांवर शिक्षिकेचे काम दिले.

जाईबाईंकडे त्या काळाची पात्रता होती. वाचता येत होते, शिकवता येत होते, नोकरी मिळाली होती. पण बाई महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी गोंधळ घातला. जाईबाईंची नोकरी गेली. त्यांच्या शिकवण्यात काही खोट निघाली नव्हती, आक्षेप होता तो जातीवर.

त्या रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. दुसऱ्याने अपात्र ठरवलेल्या बाईने स्वतःची शाळा काढून आपल्या मुली शिकवल्या. सावित्रीमाईंची परंपरा म्हणतात ती हीच.

१९३७ : पंगतीतले गृहविज्ञान

डिसेंबर १९३७. अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्षपदी राजकुमारी अमृत कौर. परिषदेला दिल्लीचे कॉलेज काढून पाच वर्षे झाली होती. देशभरातल्या सुशिक्षित, सुधारक स्त्रिया जमल्या होत्या. त्यांच्यात नागपूरच्या एका शाळेच्या संस्थापिका म्हणून जाईबाई चौधरीही होत्या.

जेवणाची वेळ झाली आणि जाईबाईंना इतरांपासून वेगळे, दूर बसवण्यात आले.

जरा थांबा आणि याचा अर्थ लावा. अन्न म्हणजे काय, स्वच्छता म्हणजे काय, आहारात काय असावे, पाहुण्याचे स्वागत कसे करावे, हे शिकवणाऱ्या शिक्षिका घडवणारी ही संस्था. तिच्याच पंगतीत एका शिक्षिकेचा पाट वेगळा. पुस्तकात जंतू होते आणि पंगतीत विटाळ होता. विज्ञानाचे नाव घेऊन आलेल्या विषयाने सोवळ्याला धक्का लावला नाही, फक्त त्याच्यावर नवा कपडा घातला. त्या परिषदेतल्या प्रत्येक बाईच्या मनात जातिभेद होता असे मी म्हणणार नाही. पण वेगळा पाट मांडला गेला आणि पंगत उठली नाही, एवढे पुरेसे आहे.

आपल्या बायका गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला नागपुरात अस्पृश्य स्त्रियांनी मोठी सभा घेऊन या अपमानाचा जाहीर निषेध केला. हा इतिहास आपल्यापर्यंत आला तो मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांच्यामुळे. 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकासाठी त्यांनी गावोगावी फिरून या स्त्रियांच्या आठवणी आणि कागदपत्रे गोळा केली नसती, तर जाईबाईंचा तो पाट आपल्याला ठाऊकही झाला नसता.

१९४२ : आपले गृहशास्त्र

साडेचार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया आल्या. घटस्फोटाचा हक्क, पुरुषांच्या अनेक लग्नांना बंदी, गिरणीतल्या कामगार स्त्रियांना रजा आणि भरपाई, मुलींसाठी वसतिगृहे, कायदेमंडळात प्रतिनिधित्व, असे ठराव झाले.

बाबासाहेब त्या दिवशी बायकांना काय म्हणाले हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची गुलाम न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, असा त्या भाषणाचा गाभा.

आता गृहविज्ञानाचा कुठलाही अभ्यासक्रम उघडा. आरोग्य, बालसंगोपन, कुटुंबनियोजन, कौटुंबिक नातेसंबंध, घराचा जमाखर्च. बाबासाहेबांच्या त्या भाषणात हे जवळपास सगळे आहे. फरक एकच, तिथे या सगळ्याच्या मुळाशी समता आहे. आणि हे एका दिवसाचे नव्हते. १९२७ साली महाडला त्यांनी बायकांना नेसण्या-राहण्याबद्दल आणि मुलींच्या शिक्षणाबद्दल सांगितले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ साली संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव त्यांच्या वतीने रोहम यांनी विधिमंडळात मांडला. घर हा खासगी कोपरा आहे, तिथे राज्याने पाहू नये, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. घरात विषमता असेल तर तो राजकीय प्रश्न आहे, हे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून कोणी म्हणत असेल की आंबेडकरी चळवळीचा आणि गृहविज्ञानाचा काय संबंध, तर त्याने १९४२ चे नागपूर पुन्हा वाचावे.

फ्लेमी किट्रेल : बडोद्याला आलेली कृष्णवर्णीय प्राध्यापिका

इथे एक नाव मुद्दाम सांगायचे आहे, आपल्या तरुणांना ते सहसा माहीत नसते. फ्लेमी किट्रेल. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात १९०४ साली जन्मलेली मुलगी. शाळकरी वयात तिने दुसऱ्यांच्या घरी कामे केली. हॅम्प्टनला शिकली, मग कॉर्नेल विद्यापीठातून पोषणशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली आणि हॉवर्ड विद्यापीठात गृहअर्थशास्त्र विभागाची प्रमुख झाली. १९५० साली फुलब्राइट योजनेतून ती भारतात आली आणि बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञान शाखेची घडी बसवायला तिने मदत केली. त्या वेळी तिथल्या कुलगुरू होत्या हंसा मेहता, महिला परिषदेच्या माजी अध्यक्षा.

हंसाबाईंना त्यांचे श्रेय द्यायला हवे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. पण मला प्रश्न पडतो तो वेगळा. दुसऱ्यांच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय मुलगी प्राध्यापिका होऊन समुद्रापलीकडून येते आणि आपल्या देशात घराचे शास्त्र शिकवायला पात्र ठरते. इथल्या ओझी वाहणाऱ्या जाईबाईंना मात्र त्यांच्याच शहरात पंगतीत जागा मिळत नाही. कदाचित परदेशी माणसाच्या हाताने आपला धर्म कसा बाटतो हे कोणाला नीट ठाऊक नसते, आणि महाराच्या हाताने कसा बाटतो हे मात्र सगळ्यांना पाठ असते.

वंशवादी अमेरिकेतही कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या हॅम्प्टन, टस्कीगी, हॉवर्डसारख्या संस्थांतून या विषयाच्या शिक्षिका घडवल्या. त्यांनी विषय टाकून दिला नाही, हातात घेतला आणि त्याच्यावरून आपल्या लोकांच्या आहाराचा, आरोग्याचा, मुलांचा प्रश्न मांडला. आपण काय केले?

पदवी आली, आडनाव आडवे आले

नागपूरच्याच कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये आपल्या संस्कृतची कथा सांगितली आहे. संस्कृतमध्ये एम.ए. झाल्या, गुण उत्तम. कौतुक खूप झाले, नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय लग्न झाले, सोमकुवरच्या पावडे झाल्या आणि मग थोड्याच काळात नोकरी मिळाली. पदवी तीच, बाई तीच, बदलले ते आडनाव.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. मग ही ऐका. अभ्यासिकेतल्या त्या मुलीने शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिला पोषणावर एक प्रश्न विचारला, घर कुठे आहे यावर तीन. शेवटी एका बाईंनी प्रेमळपणे विचारले, "आमच्याकडे सणाचे पदार्थ प्रात्यक्षिकात असतात, तुम्हाला येतील ना?" तिने विचारलेले सगळे पदार्थ येतात असे सांगितले. निवड झाली नाही. तिच्याहून जास्त गुणांची उमेदवार आली असेल, मी नाकारत नाही. पण "तुम्हाला येतील ना" हा प्रश्न तिथे प्रत्येकीला विचारला गेला का?

२०१७ साली पुण्यात एका ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर पोलिसांत फिर्याद दिली. कारण, तिने जात लपवली आणि सोवळे मोडले. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे खायला सवर्ण मुलांनी नकार दिला आणि तिचे काम गेले, मोठा गदारोळ झाल्यावर तिला परत घ्यावे लागले. स्वयंपाकाच्या शास्त्राचे शिक्षण घेतलेल्या देशात आजही हातची जात बघितली जाते.

रोस्टरचे गणित

आता दुसरा अडथळा, हा सोवळ्याहून जास्त सभ्य दिसतो. गृहविज्ञानासारख्या विषयाला महाविद्यालयात एक किंवा दोन पदे असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निर्णय दिला की संवर्गात एकच पद असेल तर ते आरक्षित करता येत नाही. मग ५ मार्च २०१८ रोजी युजीसीने परिपत्रक काढून विभाग हा आरक्षणाचा घटक धरला. त्या रोस्टरमध्ये ओबीसीचे पद चौथे, अनुसूचित जातीचे सातवे आणि जमातीचे चौदावे. ज्या विभागात आयुष्यभर दोनच पदे असणार तिथे सातवे पद केव्हा येणार? विभाग जितका छोटा तितके आरक्षण दूर. आपल्या चळवळीने आणि देशभरातल्या बहुजन प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून हे हाणून पाडले आणि केंद्रीय संस्थांसाठी २०१९ चा कायदा आला, त्यात विद्यापीठ हा घटक परत आला. तेव्हा गणिताचे, इतिहासाचे विभाग सर्वांनी मोजले. गृहविज्ञानासारख्या छोट्या विषयांचे काय होते याकडे आपलेही लक्ष कमीच होते.

आणि जिथे कायम पदेच भरली जात नाहीत तिथे तासिका तत्त्व. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. नेट-सेट झालेल्या आपल्या कितीतरी मुली अशा तासांवर तिशी ओलांडतात. चार घरी तासाने काम करणाऱ्या आईची मुलगी चार कॉलेजांत तासाने शिकवते. याला आपण प्रगती म्हणायची का?

आपल्याच माणसांचा आक्षेप

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, मुलींनी हा बांगड्यांचा विषय घ्यायचाच कशाला? वकील व्हा, कलेक्टर व्हा. मनुस्मृतीने बाईला चुलीशी बांधले, तुम्ही तिला पदवी घेऊन पुन्हा चुलीशीच पाठवता?

आक्षेपात दम आहे. मुलींवर हा विषय लादला जाऊ नये हे खरेच. हंसा मेहता समितीने मुला-मुलींच्या अभ्यासक्रमात भेद नको असे म्हटले आणि कोठारी आयोगानेही (१९६४-६६) गृहविज्ञान मुलींना सक्तीचे करू नये हेच सांगितले. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. हा विषय मुलांनीही घ्यावा. घर दोघांचे असेल तर घराचे शास्त्र एकटीचे का?

आणि विषय सोडून दिला तर काय होते तेही पाहा. विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यांत बी.ए.ला गृहअर्थशास्त्र घेणाऱ्या मुली मोठ्या संख्येने बहुजन, दलित, आदिवासी घरांतल्या आहेत. त्यांना शिकवायचे काय हे आपण ठरवत नसू तर दुसरे कोणी ठरवते. मी पाहिलेल्या पुस्तकांत आदर्श घराला दिवाणखाना असतो, आदर्श कुटुंबाला ठराविक पगार असतो, आदर्श ताटात वरण-भात-तूप असते. झुडपी जागेवरचे पट्टे नसलेले घर, रोजंदारीचा जमाखर्च, बचत गटाचे आणि मायक्रोफायनान्सचे कर्ज, सुकट, वजडी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी कुठे आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न पुस्तकात आणले, ते पुस्तक गृहविज्ञानाच्या किती वर्गांत पोहोचले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्यांच्या अंगात रक्त नाही त्यांचे ताट ज्या शास्त्राला माहीत नाही, ते शास्त्र अपुरे आहे.

मग करायचे काय?

एक, ज्या मुलींनी या विषयात पदवी घेतली आहे त्यांना नेट-सेटसाठी वस्तीतली अभ्यासिका, विहार आणि आपले प्राध्यापक यांनी मिळून तयार करावे. स्पर्धा परीक्षेचे वर्ग आपण चालवतो, त्यात गृहविज्ञानाचा एक कोपरा असायला काय हरकत आहे?

दोन, आपापल्या भागातल्या महाविद्यालयांत गृहविज्ञान आणि गृहअर्थशास्त्राची मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावलीत कोणत्या बिंदूवर कोण, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. कागद हातात असल्याशिवाय भांडता येत नाही.

तीन, मुलाखतीला जाऊन आलेल्या प्रत्येक मुलीने त्याच दिवशी विचारलेले प्रश्न लिहून ठेवावेत. जातीचा पुरावा बहुतेकदा साध्या प्रश्नांतच असतो.

चार, आपल्यातल्या गृहविज्ञानाच्या शिक्षिकांनी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर जाण्यासाठी प्रयत्न करावेत. नोकरी मिळवणे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे पुस्तकातले घर बदलणे.

त्या मुलीने या वेळच्या नेटचा अर्ज भरला आहे. परवा अभ्यासिकेत बारावीच्या मुलींना ती डाळ-तांदळाच्या खिचडीतली प्रथिने समजावून सांगत होती. बाहेर तिची आई तिला न्यायला येऊन उभी होती, पायरीवरून ऐकत होती. तास संपल्यावर मला म्हणाली, "ताई, हे तर मले येते. पन असं सांगता नोतं येत." मी त्यांना पुढच्या रविवारी आत बसायला सांगितले आहे. रोजंदारीच्या पैशात सहा जणांचे पोट कसे भरते, हा तास त्या घेणार आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!